भुंकण्याचे शंभर गुण

ऑन-कॉलच्या रात्री माणूस काहीही बघतो. गेल्या वर्षी पुण्यात रात्री दोन वाजता, पडलेला सर्व्हर उभा राहायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा यूट्यूबनं एक व्हिडिओ पुढे आणून टाकला. स्क्रीनवर जवळपास काहीच दिसत नव्हतं. काळोख, डोक्याला बॅटऱ्या बांधलेली चार माणसं, मका काढून झालेलं शेत आणि पलीकडे रान. चौघंही गप्प. पाचेक मिनिटांनी लांबून कुत्र्याचा आवाज आला, हेल काढून रडल्यासारखा. चौघांतला एक जण त्या कुत्र्याचं नाव घेऊन म्हणाला, "स्ट्राइक!" दुसऱ्यानं कागदावर शंभर लिहिले.

पुढचे दोन तास असेच. कुत्रे दिसत नाहीत, शिकार दिसत नाही, माणसं फक्त ऐकतात. सर्व्हर कधीच उभा राहिला होता, मी मात्र शेवटपर्यंत बघत बसलो.

ही अमेरिकेतली 'नाइट हंट' नावाची स्पर्धा. रकून नावाचा प्राणी असतो. मांजरापेक्षा थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी, आपल्या उदमांजरासारखा रात्री हिंडणारा आणि झाडावर चढणारा. त्याचा माग काढायला जे कुत्रे तयार केले, ते कूनहाउंड. स्पर्धेत चार कुत्र्यांची एक तुकडी रानात सोडतात. वास लागला की कुत्रा आवाज देतो. मालकानं तो आवाज आपल्याच कुत्र्याचा आहे हे ओळखून पहिल्या एकदोन भुंकण्यांतच पुकारायचं. पहिल्या पुकाऱ्याला १०० गुण, मग ७५, ५०, २५. रकून झाडावर चढला की कुत्रा बुंध्याशी थांबून वेगळ्या आवाजात भुंकायला लागतो. तेही ओळखून पुकारायचं, त्याला १२५ पासून खाली गुण. मग सगळे झाडाखाली जातात, फांद्यांवर बॅटरी मारतात. रकून दिसला तर गुण जमा. झाड रिकामं निघालं तर तेवढेच गुण वजा. ढोलीत लपला असेल किंवा पानं दाट असतील आणि काहीच ठरवता येत नसेल, तर त्या गुणांभोवती गोल करतात, ते ना जमा ना वजा. स्पर्धेत बंदूक चालवायची नसते. रकून झाडावरच राहतो, माणसं कुत्र्यांना साखळी लावून पुढच्या रानाकडे निघतात.

माझ्यातल्या इंजिनिअरला हे फारच आवडलं. खोट्या अलर्टला दंड, खऱ्या अलर्टला बक्षीस, आणि जे तपासता येत नाही त्याला शून्य. आमच्या कंपनीतल्या मॉनिटरिंगला हे नियम लावले असते तर माझ्या अर्ध्या रात्री वाचल्या असत्या. पण मी बघत बसलो त्याचं खरं कारण हे नव्हतं. काळोखात उभं राहून कुत्र्याच्या आवाजावरून लांबचं दृश्य वाचणारा माणूस मी आधी पाहिला होता. तो चोपडा तालुक्यात, आमच्या केळीच्या मळ्यात होता.

आमच्याकडे नाना सालदार होते. आखाजीला साल ठरायचं, वर्षभर मळा त्यांच्याकडे. भिल्ल समाजाचे, वयानं आबांच्या बरोबरीचे. सातपुड्याच्या पायथ्याला भुईमूग किंवा मका लावला की रात्री जागलीला जावंच लागतं, नाहीतर रानडुकरं सकाळपर्यंत वावर नांगरून ठेवतात. सुट्टीत मी नानांबरोबर जायचो. ते खाटेवर डोळे मिटून पडलेले असायचे आणि त्यांचे दोन कुत्रे बांधावर. एक काळ्या, एक लाली. कुत्रा भुंकला की नाना डोळे न उघडता सांगायचे. एकाच जागी उड्या मारत तुटक भुंकतोय म्हणजे साप. आवाज सरकत चाललाय आणि जाड झालाय म्हणजे डुक्कर. भुंकून थांबतोय, परत भुंकतोय, थोडा मागे येतोय म्हणजे माणूस. आणि कुत्रा काहीच न बोलता खाटेखाली येऊन अंगाला चिकटला, तर उठायचं नाही, शेकोटीत लाकूड सारायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. बिबट्याला कुत्रा आवाज देत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आणि डिसेंबरात अखेर त्याला गोळी घातली गेली, त्या हिवाळ्यात आमच्याकडेही जागलीला जाणारे कुत्र्यांच्या गप्प बसण्याकडे कान लावून असायचे.

तर, एक माणूस काळोखात भुंकणं वाचतो आणि त्याचे शंभर गुण होतात. दुसरा तेच करतो आणि त्याचं काय होतं? या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचत गेलो.

अमेरिकेतली गोष्ट सुरू होते साहेबी थाटात. इंग्लंडहून गेलेल्या जमीनदारांनी कोल्ह्यांच्या शिकारीचे फॉक्सहाउंड बरोबर नेले. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः असे कुत्रे पाळायचा, १७८५ मध्ये लाफायेतनं त्याला फ्रान्सहून कुत्रे पाठवले होते. घोड्यावर बसून, दिवसाउजेडी, लाल कोट घालून करायचा तो खेळ. पण कोल्हा जमिनीवर पळतो. रकून झाडावर चढतो, आणि तिथे वास संपल्यावर फॉक्सहाउंड गोंधळतो. ज्यांना रकूनचं मांस आणि कातडं हवं होतं त्या गरीब शेतकऱ्यांनी मग असे कुत्रे निवडून वाढवले जे वर बघतील, बुंधा सोडणार नाहीत आणि मालक येईपर्यंत ओरडत राहतील. कूनहाउंड जन्माला आला तो या गरजेतून.

पण रात्रच का? रकून निशाचर आहे हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर मला कुत्र्यांच्या क्लबांनी लिहिलेल्या इतिहासात फारसं दिसलं नाही, गुलामगिरीच्या इतिहासात दिसलं. दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम असलेल्या काळ्या माणसांचा दिवस मालकाचा होता. स्वतःची म्हणावी अशी फक्त रात्र. मालकानं दिलेल्या मक्याच्या पिठाला आणि खारवलेल्या डुकराच्या तुकड्याला जोड म्हणून ते रात्री कुत्रा घेऊन रानात जायचे आणि रकून किंवा ओपॉसम मारून आणायचे. बंदूक ठेवायची मुभा सहसा नसायची, म्हणून सगळी भिस्त कुत्र्यावर आणि कुऱ्हाडीवर. मालकांनाही ही अडचण कळत होती. ज्याच्याकडे कुत्रा आहे तो रात्री हिंडतो, आणि जो रात्री हिंडतो तो पळूनही जाऊ शकतो. काही ठिकाणी गुलामांनी कुत्रे पाळण्यावरच बंदी आली. पळालेल्यांना शोधायलाही हाउंडच सोडत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी कुत्र्यांवर कर बसवले, शिकारीचे कायदे कडक केले. मोकळा झालेला माणूस रानातून पोट भरू शकला, तर मळ्यावर मजुरीला येणार कोण, हा त्यामागचा हिशोब होता.

आणि मग त्याच रात्रीचा खेळ झाला. १८९८ मध्ये मिशिगनमध्ये चॉन्सी बेनेट नावाच्या माणसानं युनायटेड केनेल क्लब काढला. मोठे क्लब शोच्या कुत्र्यांत रमलेले होते, यानं काम करणाऱ्या कुत्र्यांची वंशावळ लिहायला घेतली. १९०० मध्ये ब्लॅक अँड टॅन हा पहिला कूनहाउंड त्याच्या वहीत आला. स्पर्धा आल्या त्या आधी दिवसाच्या. ओहायोत केंटन गावाजवळ १९२० च्या दशकात 'लीफी ओक' नावाची मोठी शर्यत सुरू झाली. रकूनचा वास लावलेलं पोतं शेतांतून ओढत नेऊन झाडाला टांगायचं आणि कुत्रे सोडायचे. जो आधी पोचेल तो जिंकला. बक्षिसाची रक्कम वाढली तशी लोकांनी हाउंडमध्ये ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं. कुत्रे वाऱ्यासारखे पळायला लागले आणि खऱ्या रानात, काळोखात, सहा तास जुन्या वासावर नाक लावून चालण्याचा धीर त्यांच्यातून जायला लागला. जे मोजाल तेच वाढेल, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कोणी सांगायला नको. जुन्या शिकाऱ्यांची हीच तक्रार होती. १९५० च्या दशकात या क्लबनं रात्रीच्या, खऱ्या रानातल्या स्पर्धांना मान्यता दिली, तेव्हा गुण वेगाऐवजी आवाजाला आणि खरेपणाला मिळायला लागले.

तरी भांडणं मिटली नाहीतच. थंड वासावर सावकाश चालणारा कुत्रा चांगला की ताज्या वासावर झेप घेणारा, यावरून १९४५-४६ मध्ये एका जातीच्या तीन जाती झाल्या. इंग्लिश कूनहाउंडमधून आधी ट्रीइंग वॉकर वेगळा झाला, मग ब्लूटिक. दोन तासांच्या स्पर्धेत सावकाश नाकाचा ब्लूटिक मागे पडतो हे त्याच्या मालकांना माहीत असतं. तरी ते त्यालाच घेऊन येतात.

पिल्लू शिकतं कसं, तर जुन्या कुत्र्याबरोबर. वासाचं कातडं दोरीला बांधून ओढणं वगैरे प्रकार असतात, पण खरं शिक्षण म्हाताऱ्या कुत्र्यामागे रात्र रात्र हिंडण्याचं. शिकवायची सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काय करायचं नाही. हरणाचा वास आला तर सोडून द्यायचं. दुसरा भुंकला म्हणून भुंकायचं नाही. या दुसऱ्या दोषाचं त्यांना फार वावडं. दुसऱ्याचं ऐकून झाडाशी येऊन ओरडणाऱ्या कुत्र्याला ते 'मी-टू' कुत्रा म्हणतात. मीटिंगमध्ये असे आमच्याकडेही असतात, पण तो वेगळा विषय.

आता इकडे येऊ. रात्र, रान, कुत्रा आणि वही, यांतली वही खानदेशात अमेरिकेच्या क्लबच्याही आधी आली होती. फक्त ती आपल्या हातात नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. त्या वर्षांत सातपुडा, सातमाळा आणि घाटवाटा भिल्ल नाईकांच्या ताब्यात होत्या. लष्कर पाठवून इंग्रज थकले. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं वेगळा डाव टाकला. भिल्लांचीच पलटण उभारायची. त्यासाठी निवडला जेम्स आउट्रम, वय २२. धरणगाव हे त्याचं ठाणं. आज जळगाव जिल्ह्यात आहे ते. आउट्रमनं सुरुवात केली ती शिकारीनं. एकटा नाईकांबरोबर रानात गेला, त्यांना दारू पाजली, त्यांच्यात पहाऱ्याशिवाय राहिला, आणि पहिले पाच जण त्याच्याबरोबर यायला तयार झाले. त्या पाचांपासून खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली आणि १८९१ पर्यंत टिकली. ए. एच. ए. सिमकॉक्स या साहेबानं १९१२ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आउट्रम दहा वर्षं खानदेशात होता. या काळातल्या शिकारीचा हिशोब त्याच्या चरित्रात येतो. दोनशेच्या घरात वाघ, शिवाय बिबटे आणि अस्वलं. १८८० मध्ये गोल्डस्मिड यानं लिहिलेलं ते चरित्र वाचताना शिकार आणि राज्यकारभार वेगळे काढता येत नाहीत. गुरं नेणारा वाघ मारला की गाव खूश, बरोबर हिंडला की भिल्ल खूश, आणि दोन्ही झालं की कंपनी सरकार खूश. आउट्रम शूर होता यात शंका नाही. पायी जाऊन वाघापुढे उभं राहणं हे हत्तीवर बसून गोळी घालण्यासारखं नव्हे. पण वाघ कोणत्या नाल्यात बसलाय, रात्री कुठून आला, पाणी प्यायला कुठे जाईल, हे सांगणारी माणसं भिल्ल होती. माग त्यांनी काढला, रान त्यांनी उठवलं, वाघ आउट्रमच्या नावावर चढले. माग काढणाऱ्यांसाठी त्या हिशोबात रकानाच नाही, त्यांच्या कुत्र्यांची तर गोष्टच सोडा.

मला यात जास्त टोचतं ते दुसरं. खानदेशातल्या गावगाड्यात रात्रीची राखण भिल्लांकडे होती. गावाचा जागल्या बहुतेक ठिकाणी भिल्ल असायचा. जागल्या, म्हणजे जागणारा. गाव झोपायचं आणि तो जागायचा, चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवायचा. रात्र ही त्याची नोकरी होती आणि रात्रीचं ज्ञान हे त्याचं भांडवल. याच समाजाला इंग्रजी कागदपत्रं एका पानावर पहारेकरी म्हणतात आणि पुढच्या पानावर लुटारू.

१८७८ हे वर्ष मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय. त्या एकाच वर्षात दोन कायदे आले. वन कायद्यानं राखीव जंगलात परवानगीशिवाय शिकार करणं, फास लावणं गुन्हा ठरवलं. शस्त्र कायद्यानं बंदुकीला परवाना लावला. दोन्ही परवाने कलेक्टरच्या टेबलावरून जाणार. म्हणजे ज्याला पोटासाठी ससा हवा तो गुन्हेगार आणि ज्याला भिंतीसाठी वाघाचं डोकं हवं तो परवानाधारक. त्याआधी १८७१ मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्याच्या कचाट्यात सापडलेल्या समाजांत पारधीही होते. पारध हा धंदा ज्यांच्या नावातच आहे, त्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं गेलं. हजेरी म्हणजे पोलिसांपुढे जाऊन मी रात्री हिंडत नाहीये हे दाखवायचं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याची सवय मात्र गेली नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

दख्खनमध्ये शिकारी कुत्र्यांची तोटा कधीच नव्हता. बारीक तोंडाचा, आत गेलेल्या पोटाचा, उंच पायांचा कारवानी कुत्रा मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांकडे आणि भटक्यांकडे आहे. लांब केसांचा असेल तर त्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव अजून त्यासाठी ओळखलं जातं. हा कूनहाउंडच्या अगदी उलटा प्राणी. नाकानं नाही, डोळ्यानं शिकार करतो, भुंकत बसत नाही, दिवसा मोकळ्या माळावर सशामागे सुटतो. याच कुत्र्याला मुधोळ हेही नाव आहे. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी राजा पंचम जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तिथून हे नाव पडलं असं सांगतात. आज एक राष्ट्रीय क्लब त्याला कॅरव्हॅन हाउंड म्हणतो, दुसरा मुधोळ हाउंड. २००५ मध्ये पोस्टाच्या तिकिटावर तो आला, २०१६ मध्ये सैन्यानं त्याला मेरठला नेऊन पारखलं, २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. एक नाव तांड्याचं, एक नाव संस्थानाचं. ज्यांनी मुलांच्या वाटणीची भाकरी घालून ती जात टिकवली, त्यांचं नाव कशालाच नाही. खानदेशातल्या जागलीच्या कुत्र्यांना तर जातही नाही. त्यांना गावठी म्हणतात आणि विषय संपतो.

कुत्र्याची नोंद होऊच शकत नाही असं मात्र नाही. मंड्या जिल्ह्यात अतकूर इथे इसवी सन ९४९ चा एक वीरगळ सापडला, आता तो बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. गंग राजा बूतुग यानं आपल्या मणलेर नावाच्या वीराला एक शिकारी कुत्रा दिला होता, नाव काळी. तो रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. त्या कुत्र्यासाठी दगड कोरला गेला आणि त्याच्या पूजेची व्यवस्था केली गेली. सम्राट होता राष्ट्रकूट तिसरा कृष्ण, म्हणजे महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्याच घराण्याचा. त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, ४ सप्टेंबर १९३७ रोजी, अमेरिकेत अलाबामात की अंडरवूड नावाच्या शिकाऱ्यानं आपला ट्रूप हा कूनहाउंड मेल्यावर त्याला रानातल्या नेहमीच्या मुक्कामाच्या जागी पुरलं. आज ती कूनहाउंडची स्मशानभूमी आहे, शंभरावर कुत्रे तिथे आहेत आणि दुसऱ्या जातीचा कुत्रा पुरू देत नाहीत. काळ्या मेला तेव्हा नानांनी त्याला विहिरीजवळच्या निंबाखाली पुरलं. वर एक धोंडा ठेवला, तो पुढे जेसीबीनं नाला सरळ करताना गेला.

व्हिडिओ बघताना एक विचार मनात आला होता, तो लपवत नाही. आपल्याकडे असं का होऊ नये? मारायचं नाही, नुसतं ओळखायचं. शंकरपट परत आले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, महाराष्ट्रानं कायदा बदलला, २०२३ मध्ये घटनापीठानं तो मान्य केला. मग जागलीच्या कुत्र्यांची स्पर्धा का नको? उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. तिथे शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हुसकणं, मागे कुत्रे सोडणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकार. अमेरिकेतली नाइट हंट, जिच्यात रकूनच्या केसालाही धक्का लागत नाही, ती यावल अभयारण्याच्या हद्दीत केली तर आयोजकांसकट सगळे आत जातील.

आणि तो कायदा बरोबर आहे असंच माझं मत आहे. एका साहेबाच्या खात्यावर दहा वर्षांत दोनशे वाघ मांडणाऱ्या खानदेशात आज वाघाचा पायाचा ठसा दिसला तर त्याची बातमी होते. उरलंय ते राखलंच पाहिजे. झाडावर कोंडलेल्या रकूनला ही स्पर्धा कशी वाटते हे गुणांच्या कागदावर येत नाही, हेही खरं. माझी तक्रार कायद्याशी नाहीच. परवाने घेऊन रान कोणी रिकामं केलं आणि ते राखायची वेळ आल्यावर रात्री पहिली झडती कोणाची होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

२०१६ चा डिसेंबर. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत गावी. थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात रात्री बाराला यायची, म्हणून मी आणि नाना मोटर सुरू करायला गेलो होतो. परतताना दोन वाजले. मी बाइक ढकलत होतो, पेट्रोल संपलं होतं. नाना शेजारी चालत होते, खांद्यावर पिशवी, हातात काठी आणि बॅटरी. काळ्या पुढे. रस्त्याला गस्तीची गाडी थांबली. मला विचारलं, "कोणाचा रे तू?" मी आबांचं नाव सांगितलं. "जा घरी, थंडी आहे." नानांना कोणाचे म्हणून विचारलं नाही. त्यांची पिशवी उलटी केली. पाना, चिंध्या, बिडीबंडल आणि मोटरच्या पेटीचं झाकण बांधायची तार. तार बघितल्यावर त्यांचं ठरलं. तार, कुत्रा, बॅटरी, भिल्ल. हा फास लावायला निघालाय.

मी सांगितलं की ते आमचे सालदार आहेत. एकदाच सांगितलं, आणि ते फार हळू होतं. मला परत सांगितलं गेलं, तू जा. मी गेलो. घरी गेल्यावर आबांना उठवलं नाही. रात्रीचं त्यांना कशाला उठवायचं असं स्वतःला समजावलं, आणि खरं कारण म्हणजे मी घाबरलो होतो. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. आबा काही न बोलता चप्पल घालून निघाले. नाना चौकीबाहेरच्या बाकाखाली बसलेले होते, बाकावर नाही. काळ्या रात्रभर गेटबाहेर बसून होता. आबांनी कागद मागितला, काय लिहिलंय ते दाखवा म्हणाले. काही लिहिलेलंच नव्हतं. कुठल्याच वहीत नोंद नाही, त्यामुळे असं काही झालंच नाही असं आजही म्हणता येतं.

नाना त्यावर माझ्याशी कधी बोलले नाहीत. फक्त त्या वर्षानंतर जागलीला जाताना त्यांनी पिशवी न्यायचं सोडलं. पाना मोटरच्या पेटीतच ठेवायचे. तो दोनदा चोरीला गेला.

यंदा दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो. आता ते साल करत नाहीत, गुडघे गेलेत, मुलाकडे असतात. काळ्याही नाही आणि लालीही नाही. लालीची नात दाराशी होती. मी मोबाइलवर तो अमेरिकेतला व्हिडिओ लावला आणि स्क्रीन खाली करून त्यांच्या हातात दिला, नुसतं ऐका म्हटलं. त्यांनी फोन कानाशी धरला. लालीच्या नातीनं कान टवकारले. पहिला कुत्रा हेल काढून ओरडला, मग दुसरा, मग तिसरा. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. आवाज बदलला, तुटक आणि भराभर झाला, तेव्हा म्हणाले, "आते वर दखी ऱ्हायना. झाड धरं त्यानी." बरोबर होतं. व्हिडिओतला माणूस त्याच क्षणी पुकारला होता.

मी विचारलं, किती कुत्रे आहेत? तीन म्हणाले. चार होते, चौथा लांब होता, मलाही पहिल्यांदा ऐकू आला नव्हता. मग त्यांनी मला थोडं मागे न्यायला लावलं. परत ऐकलं.

"दुसरा शे ना, तो पहिलानं आयकीसन भुकी ऱ्हायना. त्याले सोताले काही वास उना नही."

व्हिडिओत शेवटी बॅटऱ्या वर जातात तेव्हा पहिल्या झाडावर रकून दिसतो. दुसऱ्या कुत्र्याला तरीही पंचाहत्तर गुण मिळतात, नियमात तसं बसतं. मी नानांना तेवढं सांगितलं. त्यांनी फोन परत दिला, बिडी काढली आणि विचारलं की त्या जनावराला खातात का.